संगणकप्रणालीचा संदर्भ आवृत्तीसह द्यावा

नदीचा पूर, जंगलाचे आच्छादन किंवा वाघांची संख्या यांविषयीचे आजचे संशोधन बव्हंशी संगणकप्रणालींवर उभे आहे. तरीही प्रबंधाच्या संदर्भसूचीत पुस्तके आणि लेख पृष्ठांकासह नोंदवले जातात, आणि ज्या प्रणालीने आकडा काढून दिला तिची बोळवण पुष्कळदा 'अमुक सॉफ्टवेअर वापरले' एवढ्यावर होते. या उणिवेमुळे निष्कर्षाची फेरतपासणी अवघड होते, आणि सिरोंचा तालुक्यात अशा फेरतपासणीशी लोकांच्या जमिनी निगडित आहेत.

प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे एक टोक तेलंगणात, तर दुसरे सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ आहे. 2016 च्या आंतरराज्य करारात त्याची पाणीपातळी 100 मीटर ठरली. पुढे फुगवट्याचे, म्हणजे बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला मागे चढणारे, पाणी शेतांत शिरत असल्याची तक्रार तालुक्यातील शेतकऱ्यांनी वारंवार मांडली. असा फुगवटा मोजण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची हेक-रास ही प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्या जुन्या आवृत्त्यांत गणित एकमितीय होते, म्हणजे पाणी पात्राच्या लांबीनेच वाहते असे धरून ठरावीक आडव्या छेदांवर पातळी काढली जाई. काठाबाहेर, नाल्यांतून आणि बांधांवरून पाणी कसे पसरते हे दाखवणारे द्विमितीय गणित 2016 च्या 5.0 आवृत्तीपासून आले. संगमावरील सपाट शिवारात हा फरक गौण नाही. म्हणून आवृत्ती, गणिताचा प्रकार, पात्राच्या खडबडीतपणाचा गृहीत गुणांक आणि जमिनीच्या उंचीची माहिती कोठून घेतली, हे न सांगणारा अभ्यास शेतकऱ्याच्या बाजूचा असो वा विरोधातला, तो तपासता येत नाही.

संख्याशास्त्रातील 'आर' प्रणालीचेही तसेच आहे. 2019 च्या 3.6.0 आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची मूळ पद्धत बदलली. त्यामुळे तीच आज्ञा, तोच आरंभांक देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना निघू शकतो.

प्रणालीचे नाव मजकुरात आले की पुरे, आणि परवान्याचे पैसे भरले असतील तर संदर्भाची गरजच नाही, असे काहींचे म्हणणे असते. ते मान्य होण्यासारखे नाही. पैसे भरून वापराचा हक्क मिळतो, वाचकाचा तपासणीचा हक्क त्याने फिटत नाही. शिवाय संदर्भगणना सूचीवरून होते, त्यामुळे क्यूजीआयएससारखी नकाशाप्रणाली 2002 पासून घडवत आलेल्या, बहुतांशी स्वयंसेवी मंडळींचे श्रम केवळ मजकुरातील उल्लेखाने मोजलेच जात नाहीत.

'फोर्स-11' या अभ्यासकांच्या गटाने 2016 मध्येच प्रणालीचा संदर्भ शोधनिबंधाच्या बरोबरीने द्यावा असे तत्त्व मांडले. कर्ते, नाव, आवृत्ती, वर्ष आणि डीओआय, म्हणजे दुवा बदलला तरी कायम राहणारा ओळखक्रमांक, एवढी नोंद त्यासाठी पुरते. 'आर'मध्ये 'सायटेशन' ही आज्ञा दिली की संदर्भ तयारच मिळतो. संशोधकाने स्वतः लिहिलेला कोडही सर्नच्या 'झेनोडो' भांडारात विनामूल्य ठेवून त्याला डीओआय घेता येतो.

गोंडवाना विद्यापीठासह राज्यातील सर्व विद्यापीठांनी ही नोंद प्रबंध स्वीकारण्याची अट करावी, आणि मार्गदर्शकांनी ती पाहिल्याशिवाय प्रबंधावर स्वाक्षरी करू नये, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, सिरोंचा