त्रेचाळीस नगांची मासेमारी

माणसाने दोन दिवस मासे धरायला जाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. जावे, जरूर जावे. पण त्यासाठी दोन महिने यादी करत बसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी संताप येतो, आणि असली माणसे हल्ली आमच्या साताऱ्यातही फोफावली आहेत.

आमच्या बँकेतल्याच एका गृहस्थांचे घ्या. बेत काय, तर शनिवार-रविवार बामणोलीला कोयनेच्या जलाशयाकाठी राहायचे आणि गळ टाकायचा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचे पठार ओलांडून खाली उतरायचे, की समोर शिवसागर. अंतर ३५-४० किलोमीटर. पण यादी ४३ नगांची! घडीचा तंबू, घडीची खुर्ची, घडीचा स्टोव्ह (घडी न होणारे त्यात ते स्वतःच काय ते), फायबरची काठी, तीन जातींची रिळे, प्लॅस्टिकचे रंगीत बेडूक, खिसेच खिसे असलेले जाकीट आणि मासा मोजायची टेप. कॅनडातल्या एखाद्या निर्मनुष्य सरोवरावर छोट्या विमानाने उतरणाऱ्याला हे सगळे लागत असेल. त्याचा मिठाचा पुडा विसरला तर तो आणायला परत विमानच पाठवावे लागते. बामणोलीत मीठ शेजारच्या घरी मिळते, आणि वर चहाही विचारतात.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हिशेब मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. सामान एकूण १८,४०० रुपयांचे. पाच वर्षांत घसारा काढला आणि वर्षाला एक फेरी धरली, तर फेरीमागे ३,६८० रुपये नुसते सामानाचे. जमेच्या बाजूला मासे दोन, वजन पाऊण किलो. तेही लागले कणकेच्या गोळीला. प्लॅस्टिकच्या बेडकाकडे कोयनेतल्या एकाही माशाने ढुंकून पाहिले नाही.

हे सगळे सामान होडीत चढताना पाहून होडीवाला म्हणाला, "सायब, राहायला आलाय का बिऱ्हाड हलवायला?"

सगळे हसले. पण बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे त्या काठावरच्या माणसांनाच विचारावे. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण भरले आणि खोऱ्यातली गावेच्या गावे, नदीकाठच्या भातखाचरांसकट, पाण्याखाली गेली. काही घरे डोंगरावर सरकली, काही थेट दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. साठ वर्षे उलटली तरी कितीकांचे पुनर्वसन अजून फायलीतच आहे. त्या पाण्यावर आज १,९६० मेगावॅटची वीजकेंद्रे उभी आहेत. आमच्या गृहस्थांच्या ४३ नगांतला विजेरी कंदील घरी चार्ज झाला, त्यातही थोडी कोयना असणारच.

आता तिथे उरलेल्या माणसाच्या हाती काय, तर होडी, चार खोल्या आणि चुलीवरची नाचणीची भाकरी. आणि आपण काय करतो? १८,४०० रुपये पुण्याच्या दुकानात मोजून येतो, त्याच्या अंगणात आपला स्टोव्ह पेटवून पुडीतल्या शेवया शिजवतो, आणि होडीच्या भाड्यात पन्नास रुपये कमी करून मागतो! वर पुन्हा "गावाकडची माणसं हल्ली फार कमर्शियल झालीत" हे आहेच.

बरे, इतकी यादी केली तर त्यात परवानगी हा नग असावा की नाही? नव्हता. समोरच्या काठावरचे रान १९८५ पासून कोयना अभयारण्य, आणि २०१० पासून चांदोलीसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथे गळ कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याला विचारायचे असते. त्याला ना घडी लागते, ना चार्जिंग.

"पण ऐनवेळी काही लागलं तर?" असा यादीवाल्यांचा ठरलेला सवाल असतो. लागले तर तिथल्या माणसाकडून विकत घ्या. काठी त्याची घ्या, होडी त्याची घ्या, गांडुळे त्याच्या पोराकडून घ्या आणि जेवण त्याच्या घरी सांगा. अंगावर एक जादा कपडा, रोजची औषधे आणि खिशात पैसे, बस्स. पैसे मात्र सुटे न्या. खोऱ्यात मोबाईलची रेंज येते-जाते आणि पाचशेची नोट होडीत मोडत नाही. शंभराच्या नोटा आमच्याकडे मिळतात, जेवणाच्या सुट्टीत सोडून कधीही या.