पोरं आळशी नाहीत

मदनपुऱ्यातल्या अनेक घरांचे दादा-नाना परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकर होते. पर्मनंट झालं की पीएफ, ग्रॅच्युइटी ठरलेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या नोकऱ्या गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. आज नातू तिथूनच बाईकवर पार्सल उचलतो. कारण साधं आहे: आठवड्याला पैसे हातात, साहेबाची कटकट नाही. घरचे मात्र म्हणतात, "यांना मेहनत नको." दहा-बारा तास बाईक चालवणारा आळशी कसा? त्याला इज्जत हवी, उद्याची खात्री हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारही आले आहेत. ई-श्रम पोर्टलवर त्याची नोंदणी करून द्या. टोमण्यापेक्षा एवढी मदत बरी.