सर, आपले लोक कुणाच्या बाजूने होते?

१७ सप्टेंबरच्या भाषणांची तालीम संपली होती. सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ‘सर, मुक्तिसंग्रामात आपले लोक कुणाच्या बाजूने होते?’ मी विचारलं, ‘आपले म्हणजे?’ तो गप्प.

वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरात दबल्या आवाजात फिरतो.

माझ्या दादीच्या डब्यात चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का होता. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. तिचा ‘मुल्क’ म्हणजे निजामाचं राज्य. त्यात धर्माचा भाग थोडाच. शेजारचा पाटीलही त्याच सरकारचा सारा भरत होता. तेव्हा माणूस राजाची रयत असे. लोक हेच देशाचे मालक, ही कल्पना १७८९ च्या फ्रेंच क्रांतीनंतर जोरात पसरली आणि छापखाना, शाळा, रेल्वे यांच्या वाटेने आपल्याकडेही पोचली.

‘वतन’ हा शब्दच बघा. मराठीत वतन म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचा गावातला पिढीजात हक्क. उर्दूत तो झाला मायदेश. १९३८ साली मौलाना हुसेन अहमद मदनी म्हणाले, आजच्या काळात कौम वतनावरून ठरते. अल्लामा इक्बाल यांनी कडक विरोध केला. पुढे मौलानांनी ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे पुस्तकच लिहिलं. थोडक्यात, हा वाद मुसलमानांच्या घरातही झाला. सगळे एका सुरात बोलत होते, हे कुणी सांगितलं तर मानू नका.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि लगेच तिच्यावर बंदी आली. पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी लढ्याचं नेतृत्व केलं. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा, असं लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना ठार मारण्यात आलं.

पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, तेही घडलेलंच आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आलाच नाही. आमच्या घरी १७ सप्टेंबरला दादी बोलत नसे, एवढंच मला लहानपणी कळायचं.

मुलाला मी हे सगळं सांगितलं. अहवालाचं जरा सोपं करून सांगितलं. बारा वर्षांचं पोर आहे. त्याने विचारलं, ‘सर, मी शोएबुल्ला खानांवर बोलू?’

भाषणाला दोन मिनिटं आहेत. पठ्ठ्याने तीन पानं लिहून आणलीत. काटछाट चालू आहे.