बोटांना वाचता येणारे बटण

नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये सध्या काळ्या काचेच्या सपाट टच पॅनेलची चलती आहे. बिल्डरला ते आवडते, आर्किटेक्ट ते सुचवतो आणि आपला व्यवसाय ते मुकाट पुरवतो. हा पायंडा मोडायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंध व्यक्ती बोटांनी चाचपत वाचते. उठावाचे बटण असले की आकड्यावरून बोट फिरवायचे, खात्री करायची आणि मग दाबायचे. टच पॅनेलवर चाचपणे आणि दाबणे यांत फरकच उरत नाही. बोट टेकेल तो मजला नोंदला जातो. काचेवर ब्रेलची पट्टी चिकटवूनही उपयोग नाही, कारण ती वाचतानाच कॉल लागतो. कंपवाताने हात थरथरणाऱ्या आजोबांचीही हीच अडचण. कृत्रिम हाताचा स्पर्श तर अशी अनेक पॅनेल ओळखतच नाहीत. जुन्या लिफ्टमधले खटकन दाबले जाणारे साधे बटण या सगळ्यांना चालत होते, हे विसरू नये.

युरोपच्या ईएन 81-70 या मानकात बटण दाबायला 2.5 ते 5 न्यूटन एवढा जोर लागावा असे म्हटले आहे, ते यासाठीच. नुसत्या ओझरत्या स्पर्शाने बटण लागू नये आणि अशक्त बोटालाही ते जड जाऊ नये. आकडा उठावाचा हवा, ब्रेल बटणावर नव्हे तर शेजारी हवे. मजल्याची घोषणा मराठीतही व्हावी. बहिऱ्या प्रवाशासाठी अलार्मची नोंद झाल्याचा दिवा लागायला हवा. आत अडकल्यावर इंटरकॉमचा त्याला काय उपयोग?

पॅनेल उद्या बदलता येईल, शाफ्ट नाही. व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस मावायला केबिन आतून किमान 1100 बाय 1400 मिमी लागते. एवढ्या जागेत खुर्ची वळत नाही, म्हणून मागे पाहत बाहेर येण्यासाठी समोरच्या भिंतीवर आरसा लावावा. हे आर्किटेक्टला नकाशाच्या टप्प्यावरच सांगायला हवे.

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवणारा नियम 15 दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचे निर्देश केंद्राला दिले. तरीही कायद्याच्या धाकाची वाट पाहू नका. पुढच्या प्रकल्पाचे पॅनेल मंजूर करण्याआधी त्याचा नमुना अंध व्यक्तींच्या हाती द्या, आणि त्यांना तो वापरता आला नाही तर पुरवठादाराला परत पाठवा.