'टेक' म्हणजे 'घेणे' नव्हे

इंग्रजीतील 'टेक' या क्रियापदाचा अर्थ विचारला, की मराठी विद्यार्थी तत्काळ 'घेणे' असे उत्तर देतो. उत्तर चूक नाही. पण तेवढ्यावर थांबण्याची सवय आपल्या भाषेला महाग पडते आहे, असे माझे मत आहे.

हे क्रियापद मुळात इंग्रजीचे नव्हे. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतील 'टाका' या शब्दापासून ते आले आणि 'निमन' या जुन्या इंग्रजी क्रियापदाची जागा त्याने हळूहळू बळकावली. 'बधिर' या अर्थाचा 'नम' हा शब्द त्या जुन्या क्रियापदाची आज उरलेली खूण होय. पुढे 'टेक'चा विस्तार असा झाला, की औषध, छायाचित्र, बस, वेळ, परीक्षा या साऱ्यांना एकच क्रियापद पुरू लागले.

मराठी मात्र प्रत्येक प्रसंगाकडे वेगळे पाहते. औषध आपण घेतो, छायाचित्र काढतो, आंघोळ करतो, एखादी गोष्ट गृहीत धरतो. बसने आपण जातो; 'मी बस घेतली' असे कुणी म्हटले, तर त्याचे अभिनंदनच करावे लागेल. परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. मराठीत विद्यार्थी ती देतो आणि शिक्षक घेतो.

याहून सूक्ष्म भेद वेळेचा. 'या कामाला तीन तास लागले' या वाक्यात कुणी कर्ता मिरवत नाही. 'या कामाने तीन तास घेतले' असे लिहिताच काम जणू सजीव होते. तसेच बोलणे 'टेक टू हार्ट' करणे म्हणजे मनाला लावून घेणे. 'मनावर घेणे' म्हणजे निश्चयाने कामाला लागणे. पहिल्यात दुखावणे आहे, दुसऱ्यात उभारी. अनुवादकाने येथे गल्लत केली, तर पात्राचा स्वभावच बदलतो.

भाषा बदलतेच, मग एवढी चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. नव्या शब्दप्रयोगांना सरसकट हरकत घेण्याचे कारण नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु 'काढणे', 'धरणे', 'लागणे' यांच्या जागी 'घेणे' येऊन बसते, तेव्हा भाषेत नवी भर पडत नाही. असलेले भेद पुसले जातात.

'जेवून घे', 'ऐकून घे', 'सांभाळून घे' यांतील 'घे' एकट्या 'टेक'ने इंग्रजीत नेता येईल काय? नाही. मग उलट प्रवास तरी एका शब्दाने कसा व्हावा? इंग्रजी-मराठी कोश आपल्याकडे मोल्सवर्थ आणि कँडी यांच्यापासून, म्हणजे १८४७ पासून आहेत. उणीव आहे ती शब्द कोणाच्या संगतीत वावरतो, हे शिकवण्याची. ते काम कोशाचे नव्हे, आम्हा भाषाशिक्षकांचे आहे.