शून्याची मिरवणूक

अमेरिकेतील क्लीव्हलँड ब्राऊन्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ २०१७ च्या हंगामात १६ पैकी १६ सामने हरला. (हे फुटबॉल बहुतांशी हातांनीच खेळतात; नावात पाय कशाला, देव जाणे!) जानेवारी २०१८ मध्ये, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, हजारो प्रेक्षकांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. फेरी मुद्दाम वर्तुळाकार, म्हणजे शून्यच!

काही खेळाडूंना हा अपमान वाटला. मला तसे वाटत नाही. त्या लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलीत नाहीत. उलट महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंत पहिली निवड करण्याचा मान त्यालाच! मग मालकाचे बिघडते काय? पदरचे पैसे मोडून गॅलरीत कुडकुडणाऱ्याने दाद मागावी कुणाकडे? त्याने दगडफेक केली नाही. वाजतगाजत शून्य काढून दाखविले, आणि त्याच निमित्ताने शहरातील गरजूंच्या अन्नपेढीला मदतही मिळवून दिली. याहून सभ्य निषेध मला तरी सुचत नाही.

प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र जागेवरच राहिले. त्यांना नारळ मिळाला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. तोवर त्यांच्या हाताखाली ४० सामने झाले होते आणि विजय होते ३.