डार्विनशी वैर कोणाचे?

जानेवारी 2018 मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे वैदिक संमेलनासाठी आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हावयास हवा, असे विधान केले. वानराचा मानव होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले नाही वा लिहून ठेवलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा लेखी प्रतिवाद केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्याचा सल्ला देऊन विषय संपविला. मात्र हिंदुत्व आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे, हे सिद्ध करण्यासाठी टपून बसलेल्या मंडळींना तोवर आयता पुरावा मिळाला होता.

या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. हा युक्तिवाद आला कोठून? तो वेदांत नाही, षड्दर्शनांत नाही, पुराणांतही नाही. त्याचा पत्ता अमेरिकेतील आहे.

टेनेसी राज्याने 1925 साली बटलर कायदा केला. बायबलमधील सृष्टिनिर्मितीची कथा नाकारून मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळेत शिकविणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले. त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन या लहानशा गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि त्याला 100 डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून तो रद्द केला; कायदा मात्र 1967 पर्यंत जिवंत राहिला. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली उत्क्रांतिबंदीचे कायदे आणि 1987 साली 'सृष्टिविज्ञान' समान वेळ देऊन शिकविण्याची सक्ती घटनाबाह्य ठरविली. तेव्हा त्याच मालाला नवे वेष्टन चढले. देव हा शब्द वगळून 'बुद्धियुक्त रचना' असे त्याचे नामकरण झाले.

पेनसिल्वेनियातील डोव्हर येथे हे वेष्टन न्यायालयातच फाटले. तेथील शाळामंडळाने नववीच्या मुलांसमोर, डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे आणि पर्यायासाठी अमुक पुस्तक पाहावे, अशा आशयाचे निवेदन वाचण्याचा आदेश दिला. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. 11 पालक न्यायालयात गेले. सुनावणीत त्या 'अमुक पुस्तका'चे जुने खर्डे बाहेर आले. 1987 च्या निकालापूर्वीच्या खर्ड्यांत जेथे जेथे 'सृष्टिवादी' असा शब्द होता, तेथे तेथे निकालानंतर 'रचनेचे पुरस्कर्ते' असा शब्द घातला गेला होता. आणि एके ठिकाणी घाईत दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहून गेली होती! न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले. डिसेंबर 2005 मध्ये त्यांनी हा विज्ञानाचा नव्हे तर पंथप्रचाराचा प्रकार असल्याचा नि:संदिग्ध निर्वाळा दिला. तत्पूर्वीच्या महिन्यातील निवडणुकीत डोव्हरच्या मतदारांनी त्या मंडळाच्या निवडणुकीस उभ्या असलेल्या आठही सदस्यांना घरी बसविले होते.

तरीही त्या देशातील लोकमत फार संथपणे बदलले आहे. देवाने मनुष्याला गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात घडविले, असे मानणारे 1982 साली गॅलपच्या पाहणीत 44 टक्के होते. 2024 सालीही ते 37 टक्के निघाले. चंद्रावर माणूस धाडणाऱ्या देशातील ही स्थिती आहे. आणि हा वाद तेथेच थांबला नाही. 1980 च्या दशकात अमेरिकन सृष्टिवाद्यांचे साहित्य तुर्की भाषेत उतरले, त्यातील बायबलच्या जागी कुराण आले, आणि 2017 साली तुर्कस्तानने उत्क्रांती शालेय अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांचे एकमेकांशी कशातच जमत नाही, त्यांचे डार्विनविरोधात मात्र छान जमले!

यामागील कारण उघड आहे. ईश्वराने ठरावीक दिवसांत सृष्टी घडविली, मनुष्यास वेगळे निर्माण करून अन्य जीवांवर अधिकार दिला, आणि हे सारे एका ग्रंथात शब्दश: सत्य म्हणून नोंदलेले आहे, अशी ज्यांच्या श्रद्धेची बैठक आहे, त्यांना डार्विन हा घाला वाटणारच. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व 4004 मध्ये झाला, असे गणित मांडले. अशा चौकटीत कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती बसणार कशी?

हिंदूंची अडचण ती नव्हेच. येथे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची गणना 432 कोटी वर्षांची आहे. ऋग्वेदातील नासदीय सूक्त सृष्टीचा उगम कसा झाला, हे तिच्या अधिष्ठात्यालाही ठाऊक असेल वा नसेल, अशा शंकेवर येऊन थांबते. आणि तशी शंका घेणाऱ्या ऋषीला कोणी पाखंडी ठरविले नाही. सांख्यांचा परिणामवाद जगाला प्रकृतीचा विकार मानतो. चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरणारा जीव मानणाऱ्या समाजाला माणूस आणि पशू यांच्यात नाते आहे, या कल्पनेचा धक्का बसण्याचे कारणच काय? स्वामी विवेकानंदांनी पतंजलींच्या सूत्रांवर भाष्य करताना उत्क्रांतीचा विचार मोकळेपणाने केला. जीवनकलह हेच विकासाचे अंतिम कारण, हे त्यांना मान्य नव्हते. पण तो एका विचारवंताचा मतभेद होता, पुस्तकातून धडा काढण्याची मागणी नव्हती. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा 'मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव' हा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना तर विश्व माणसाच्या सोयीसाठी रचलेले नाही, हा विचार नव्याने सांगावयास नको.

येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमाकडे बोट दाखवून, डार्विनने सांगितले ते आमच्याकडे आधीच होते, असे व्यासपीठावरून सांगण्याची एक हौस असते. क्रमातील साम्य मनोवेधक आहे, यात शंका नाही. ब्रिटन सोडून 1957 साली भारतात आलेले आणि पुढे भारतीय नागरिकत्व पत्करलेले थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही त्याचे कौतुक वाटे. परंतु दशावतार हा धर्मसंस्थापनेचा कथासंभार आहे. पिढ्यानुपिढ्या होणारे सूक्ष्म बदल आणि त्यांची निसर्गाकडून होणारी निवड हा डार्विनच्या सिद्धांताचा गाभा त्यात नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. पुराणांना जीवशास्त्राचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याच्या खटाटोपात पुराणेही उणावतात आणि जीवशास्त्रही.

स्वदेशाभिमानी मनात डार्विनविषयी जो संशय आहे, त्याला एक खरे कारणही आहे, ते नाकारू नये. युरोपीय साम्राज्यवाद्यांनी उत्क्रांतीची शिडी करून स्वत:ला सर्वांत वरच्या पायरीवर बसविले. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी तर नाकांची मापे घेऊन हिंदुस्थानातील जातींचे वंश ठरविण्याचा उद्योग केला, आणि समाज आर्य-अनार्यांत चिरण्याच्या कामी तो वापरला गेला. पण त्या थोतांडाला पुढे खोडून काढले ते आधुनिक आनुवंशशास्त्रानेच. विचारसरणीपायी जीवशास्त्राचा गळा घोटण्यात डावेही मागे नव्हते. स्टालिनच्या राज्यात लायसेंकोच्या भोंदू शेतीशास्त्राला राजाश्रय मिळाला आणि पिकांच्या मूळस्थानांचा शोध घेणारा जगन्मान्य शास्त्रज्ञ वाविलोव्ह 1943 साली तुरुंगात मेला.

आता 'कोणी पाहिले?' या प्रश्नाकडे. वानराचा माणूस होतो, असे उत्क्रांतीचा सिद्धांत मुळी म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एके काळी समान होते, एवढेच तो सांगतो. परंतु निसर्गनिवड डोळ्यांनी पाहावयाची असेल, तर विदर्भातल्या कापूस उत्पादकाला विचारावे. बोंडअळीला मारक प्रथिन असलेले बीटी कापसाचे वाण 2002 साली भारतात मंजूर झाले आणि 2006 साली दोन प्रथिने असलेले वाण आले. आरंभी अळीने माना टाकल्या. परंतु लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की तिच्या जन्मजात घडणीमुळे ते विष तिला मानवते. बाकीच्या मेल्या, ती वाचली, तिची प्रजा वाढली. 2010 पर्यंत गुजरातेत पहिल्या वाणाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळली. पुढे ती दुसऱ्यालाही पुरून उरली. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने बोंड फोडले, तर आत किडके सरकीचे दाणे आणि डागाळलेला कापूस होता.

हे टाळण्याचा उपायही उत्क्रांतीच्याच अभ्यासातून सांगितलेला होता. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या, बिगरबीटी बियाण्याची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने पेरावयाची, म्हणजे तेथे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांच्या पतंगांचा विषाला न जुमानणाऱ्या पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्ती प्रजेत पसरण्यास विलंब लागतो. कित्येक शेतकऱ्यांनी ती पुडी बांधावर फेकून दिली. त्यांना दोष कसा द्यावा? अळीसाठी मुद्दाम पीक लावावयाचे, ही गोष्ट वरवर वेडेपणाचीच वाटते. पुडीमागील तर्क उमगण्यासाठी जो धडा लागतो, तो त्यांना कोणी नीट शिकविलाच नव्हता. क्षयाचे जंतू औषधांना का जुमानेनासे होतात आणि डॉक्टरांनी दिलेला औषधांचा क्रम अर्धवट का सोडू नये, याचेही उत्तर त्याच धड्यात आहे.

आणि हाच धडा आज वादात आहे. कोरोनानंतर अभ्यासाचे ओझे हलके करण्याच्या निमित्ताने एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग काढला. 2023 साली आलेल्या पुस्तकात केवळ 'आनुवंशिकता' उरली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून त्यास विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असे शासनाकडून सांगण्यात आले. ते खरेच आहे. निर्णयामागे धार्मिक हेतू होता, असा पुरावाही कोणी दिलेला नाही. परंतु बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे, तंत्रनिकेतनात वा थेट शेतीकडे वळणाऱ्या मुलाला हा विषय आयुष्यात पुन्हा कधी भेटणार? उद्याचा कापूस उत्पादक तर त्यांच्यातच आहे.

शिवाय या धड्यातील काही उत्तम पाने भारताच्याच मातीत सापडलेली आहेत. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, याचा एक मोठा दुवा जम्मूतील कालाकोट येथून मिळाला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमविलेल्या तेथील खडकांतून निघालेला 'इंडोह्युस' हा सुमारे 4 कोटी 80 लक्ष वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाशी जुळते, हे 2007 साली प्रसिद्ध झाले. पाण्यात उतरलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म कच्छमध्ये विखुरले आहेत. 1982 साली नर्मदाकाठच्या हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना आदिमानवाची कवटी मिळाली. राष्ट्राभिमानाचे धडे शोधणाऱ्यांनी हे पुस्तकातून काढावयाचे की घालावयाचे?

ब्रिटिश कौन्सिलने 2009 साली दहा देशांत केलेल्या पाहणीत, ईश्वरावर श्रद्धा ठेवूनही उत्क्रांती मानता येते, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते भारतात: डार्विनची माहिती असलेल्यांपैकी 85 टक्के. म्हणजे सर्वसामान्य भारतीय घरात हा तंटा नाहीच. देवघरात समई लावणाऱ्या आजीचा नातू जीवशास्त्राचा अभ्यास करतो आणि दोघांचेही काही अडत नाही. तंटा आहे तो काही व्यासपीठांवर, आणि तोही परक्यांकडून उसना आणलेला.

महाराष्ट्रात बालभारतीने 2018 साली काढलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान', भाग 2 या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा या पाठातील दुसरा शब्द शाबूत राहतो की नाही, याची विचारणा शिक्षक-पालक संघांनी आणि शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी मसुदा निघताच करावयास हवी. पुस्तक छापून झाल्यावर नव्हे.